शेजघराचा रंग

व्याख्यानमालेत राज्यक्रांत्यांवर, संतवाङ्मयावर, पंचवार्षिक योजनांवर बोलावे. शेजघराच्या भिंतीला कोणता रंग द्यावा हा काय चार माणसांपुढे मांडण्याचा विषय झाला, असे कित्येकांच्या मनात येईल. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हा असा विषय कोणी सुचवला असता, तर त्यालाही हसण्यावारी नेले असते. परंतु आम्ही ज्या चळवळीत आयुष्य घालवले, त्या चळवळीने आम्हाला एक सवय लावली आहे. मोठ्या घोषणा ऐकल्या की आम्ही त्या माणसाच्या घरात नेऊन पाहतो. आठ तासांचे काम, आठ तासांची विश्रांती असे आपण म्हणतो. मग ती विश्रांती घ्यायची कोठे? ज्या चार भिंतींत कामगार पाठ टेकतो त्या भिंती कोणाच्या, आणि त्यांना रंग कोणी ठरवला? हा प्रश्न धरून मागे मागे गेलो तर आपल्या भागाचा सव्वाशे वर्षांचा इतिहास हाती लागतो. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि सार्वजनिक वाचनालयात अधिक झालेले आहे. तेव्हा पंडिताचा अधिकार आम्ही सांगत नाही. जे वाचले आणि जे घरोघर फिरून पाहिले ते एकत्र करून मांडतो.

पहिली गोष्ट ही की शेजघर हा शब्द जुना असला, तरी कष्टकऱ्याच्या घरात ती खोली नव्हती. वाड्यात शेजघर असे. कुणब्याच्या घरात ओटा, पडवी, माजघर, चूल आणि गोठा. पुरुषांनी ओट्यावर किंवा पडवीत पडावे, बायकामुलांनी माजघरात, म्हाताऱ्यांनी उबेच्या आशेने चुलीजवळ, आणि राखणीचा माणूस खळ्यावर. खेड, मावळ, हवेली या तालुक्यांत हीच रीत होती. झोप ही जागेची नसून अंथरुणाची होती. अंथरूण पसरले की शेजघर झाले, गुंडाळले की ते माजघर.

म्हणूनच त्या घरात सजावट भिंतीवर कमी आणि अंथरुणात जास्त दिसे. आमच्या आयांनी शिवलेल्या वाकळा आठवून पाहा. फाटलेल्या लुगड्यांचे, धोतरांचे, खणांचे तुकडे एकावर एक मांडून बारीक टाक्यांनी शिवलेली वाकळ म्हणजे त्या घराची रंगसंगती होती. कोणत्या तुकड्याशेजारी कोणता तुकडा बसवायचा हे शिवणारी ठरवी. त्यात तिला कोणी विचारीत नसे आणि अडवीतही नसे.

भिंतही तिच्याच ताब्यात होती. शेणामातीने सारवणे, पोतेरे फिरवणे, दिवाळीच्या आधी पांढऱ्या मातीचा किंवा चुन्याचा हात देणे, खाली गेरूचा पट्टा ओढणे ही सगळी कामे बायकांची. रंग मोजकेच होते. पांढरा चुना, पिवळी पिवडी, तांबडा गेरू आणि पुढे निळीचा निळा. एवढेच का, याचे उत्तर आवडीनिवडीत शोधायला नको. ते चुन्यात आहे. चुनखडी सुमारे नऊशे अंश उष्णतेला भाजली की कळीचा चुना होतो. त्यावर पाणी घातले की तो उकळ्या फुटल्यासारखा फुलतो आणि विरतो. हा विरलेला चुना भिंतीवर लावला म्हणजे तो हवेतील कार्बन डायऑक्साईड शोषून पुन्हा दगड बनतो. चुन्याचा रंग टिकतो तो या कारणाने. पण ओला चुना अतिशय दाहक. पळसाची फुले, हळद, पानाफुलांचे रस हे रंग त्यात फार काळ जगत नाहीत. टिकतात ती मातीतून आलेली खनिजे. पिवडी आणि गेरू ही लोहाची माती. म्हणून ती टिकली.

निळीची कथा तर विलक्षण आहे. युरोपात अस्सल निळा रंग अफगाणिस्तानातील लाजवर्दी दगड कुटून करीत. तो इतका महाग की चित्रकार तो मेरीमातेच्या वस्त्रासाठी राखून ठेवीत. १८२४ साली फ्रान्समधील एका संस्थेने हा रंग स्वस्तात करून दाखवील त्याला सहा हजार फ्रँकचे बक्षीस लावले, आणि १८२८ साली गिमे नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ते मिळवले. माती, सोडा, गंधक आणि कोळसा भट्टीत घालून त्याने लाजवर्दी रंग बनवला. तो चुन्यातही उडत नाही. पुढे कपड्यांना घालायची नीळ म्हणून तोच रंग जगभर बाजारात आला आणि आमच्या आयांनी चिमूटभर नीळ चुन्यात टाकली. थोडी टाकली तर पांढरा अधिक पांढरा दिसे, जास्त टाकली तर भिंत आकाशी होई. मेरीमातेच्या वस्त्राचा रंग असा कुणब्याच्या माजघरात आला. त्यासाठी कोणाला मोठी किंमत मोजावी लागली नाही, आणि कोणाची परवानगीही लागली नाही.

परवानगीवाचून, उलट हुकमाने, भिंतीला रंग लागल्याचा दिवसही आपल्या भागाने पाहिला आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९७च्या आरंभी तो पुण्यात पसरला. फेब्रुवारीत मुंबईत कामगार चळवळीचे आद्य पुढारी नारायण मेघाजी लोखंडे त्याला बळी पडले. मार्चमध्ये पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. सरकारने रँड याच्या हाती प्लेगचा बंदोबस्त दिला. गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरोघर शिरू लागल्या. त्या कामाची वाटणी ठरलेली होती: एका तुकडीने रोगी हुडकायचा, दुसरीने घर धुऊन काढायचे, तिसरीने चुना फासायचा. माजघर, देवघर, बाळंतिणीची खोली असा भेद त्या कुंचल्याला नव्हता. सामान रस्त्यावर येई, अंथरुणे जाळली जात. वर्षानुवर्षे शिवलेल्या वाकळा त्या जाळात गेल्या असतील याची नोंद कोण करणार? २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. ती झाडणारे चापेकर बंधू आपल्या चिंचवडचे. त्यांचा वाडा गावात आजही उभा आहे.

आमचे म्हणणे चुन्याविरुद्ध नाही. चुना जंतुनाशक आहे आणि स्वच्छता हवीच. परंतु प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमाँ याने १८९८ साली कराचीस दाखवून दिले. म्हणजे ज्या भिंतींना बळजबरीने चुना फासला, त्या भिंतींत रोगाचे मूळ नव्हतेच. शास्त्र अपुरे होते आणि अधिकार मात्र पुरेपूर होता. माणूस ज्या खोलीत निजतो तेथे त्याला न विचारता शिरणारा हात, मग तो भल्यासाठी का असेना, अपमान करूनच जातो. ही गोष्ट पुण्याच्या लोकांनी विसरली नाही, आणि इतिहास वाचणाऱ्यानेही विसरू नये.

याच सुमारास आपल्या जिल्ह्यातून, घाटावरून आणि कोकणातून हजारो माणसे मुंबईच्या गिरण्यांकडे चालली होती. तेथे त्यांना मिळाला तो चाळीतला गाळा. एका खोलीत दोन दोन कुटुंबे, किंवा एका गावचे दहा-पंधरा पुरुष. पाळ्या सुरू झाल्यावर तर अंथरूणही पाळीने वापरायचे. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच चटईवर पडे. पहिल्या महायुद्धानंतर मुंबई सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. लोक त्यांना बीडीडी चाळी म्हणू लागले. त्यांतील खोली १६० चौरस फुटांची. चूल, न्हाणी, देव, पाळणा आणि झोप ही सगळी त्यातच बसवायची. लग्न झालेल्या जोडप्याला आडोसा म्हणजे दोरीवर टाकलेले लुगडे. त्या लुगड्याचा जो रंग तोच त्यांच्या शेजघराचा रंग.

तरीही त्या खोलीत माणसाने सौंदर्य आणले. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत चित्रे छापण्याचा कारखाना काढला आणि तो पुढे आपल्याच लोहमार्गावर, लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. तेथे दगडावर छापलेल्या लक्ष्मी आणि सरस्वती गावोगाव गेल्या. राजवाड्यात टांगलेल्या तैलचित्राची प्रत गिरणीकामगाराच्या खोलीत खिळ्याला लटकली. पुढे कारखान्यांच्या आणि दुकानांच्या दिनदर्शिका आल्या. वर्ष संपले तरी चित्र चांगले असले म्हणजे तारखांचा भाग कापून ते भिंतीवर राहू देत. गरिबाला सजावटीचे काय, असे म्हणणाऱ्यांनी त्या भिंती पाहिल्या नाहीत एवढेच आम्ही म्हणू.

पण भिंतीकडे पाहायला वेळ तर हवा. लोखंड्यांनी गिरणीकामगारांची संघटना उभी करून १० जून १८९०पासून रविवारची सुटी मिळवली. त्यापूर्वी मजुराने आपले घर उजेडात क्वचितच पाहिले असेल. नंतर कायद्याने आठवड्याचे तास हळूहळू उतरत गेले: १९२२ साली साठ, १९३४ साली चौपन्न, १९४६ साली अठ्ठेचाळीस. स्वातंत्र्यानंतरच्या १९४८च्या कारखाने अधिनियमाने हेच अठ्ठेचाळीस तास कायम केले. त्याच अधिनियमात भिंतींविषयीही कलम होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. कारखान्याच्या आतील भिंतींना चुना असेल तर तो दर चौदा महिन्यांत एकदा द्यावा, धुता येण्याजोगा पाण्याचा रंग असेल तर तीन वर्षांत एकदा, आणि तैलरंग किंवा रोगण असेल तर पाच वर्षांत एकदा पुन्हा लावावे, असा तो दंडक. आम्ही हे कलम प्रथम वाचले तेव्हा विचारात पडलो. यंत्राच्या मागची भिंत किती महिन्यांनी रंगवावी हे कायद्याने मोजून दिले. त्या यंत्रावर उभा राहणारा माणूस ज्या भिंतीशी निजतो तिच्याविषयी मात्र त्या कायद्यात अवाक्षर नाही. कायद्याची नजर फाटकापर्यंत येऊन थांबत होती.

फाटकाबाहेरच्या घराचा विचार काही कारखानदारांनी केला, हे मान्य केले पाहिजे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. हे लक्ष्मणराव तरुणपणी चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत असे ध्यानात आल्यावर त्यांना तो नाद सोडून यंत्रांकडे वळावे लागले. रंगांध माणसाने उजाड माळावर सुंदर वसाहत उभी केली, ही महाराष्ट्राच्या उद्योगाच्या इतिहासातील मोठी गमतीची आणि आदराची गोष्ट आहे.

आपल्याकडे हे युग स्वातंत्र्यानंतर आले. फाळणीत घरदार सोडून आलेल्या सिंधी बांधवांची वस्ती पिंपरीत झाली. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पेनिसिलिनच्या कारखान्याबरोबर कामगारांची वसाहतही उभी राहिली. १९६०च्या दशकात आकुर्डीस बजाजची स्कूटर आली, पिंपरीत टेल्को आली. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डीच्या शेतांतून आखणीच्या दोऱ्या पडल्या. १९७० साली चार गावांची नगरपालिका, १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण, १९८२ साली महानगरपालिका. पंचवीस-तीस वर्षांत बाजरीच्या रानाचे शहर झाले.

कंपनीच्या वसाहतीतील घर हे गिरणगावच्या गाळ्यापेक्षा कितीतरी चांगले. दोन खोल्या, स्वतंत्र न्हाणी, खिडकीतून वारा. अनेक कामगारांना निजायची वेगळी खोली म्हणजे काय हे येथे प्रथम कळले. परंतु वसाहती बहुधा एकाच रंगाच्या असत. रंगकाम कंपनीचे, कुंचला ठेकेदाराचा. अमुक वर्षांनी गाडी येई आणि ओळीने सगळ्या घरांना तोच फिका पिवळा किंवा तोच पांढरा हात देऊन जाई. खिळा ठोकायचा तर विचारायला हवे. आणि घर नोकरीला बांधलेले. संपाच्या दिवसांत आम्ही अशा घरांतून पुष्कळ बैठका घेतल्या आहेत. एका वसाहतीत घरे खाली करण्याची नोटीस लागली तेव्हा एक बाई शांतपणे म्हणाल्या, “भाऊ, भिंत त्यांचीच होती हो. आम्ही नुसते तिला टेकून बसलो होतो.” यावर आम्ही काय बोलणार?

आता रंगाच्या बाजाराकडे वळू, कारण चुन्याच्या जागी डबा आला तो याच काळात. आपल्या देशात मोठा रंगाचा कारखाना प्रथम १९०२ साली हावड्यास निघाला. मुंबईत लोअर परळला १९२० साली दुसरा निघाला. तोच पुढे नेरोलॅक झाला. १९४२ साली, युद्धाच्या धामधुमीत, मुंबईतील चौघा मित्रांनी एशियन पेंट्स काढली. तिच्या जाहिरातीसाठी आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली डोळ्यांवर केस आलेला, हातात कुंचला घेतलेला गट्टू काढला. डिस्टेंपर आला, तैलरंग आला, आणि दुकानदार छटांचे पत्रक पुढे करू लागला. पिवडी-गेरू-नीळ यांच्या जागी शेकडो छटा! मात्र डबा आल्याबरोबर आणखी एक बदल झाला. भिंत बायकांच्या हातून गेली. चुना आणि माती त्यांची होती. डबा, शिडी आणि हिशेब पुरुषांचा झाला. ज्या हाताला पिढ्यान् पिढ्या रंग जुळवण्याची जाण होती, तो हात रंगाऱ्याला चहा देण्यापुरता उरला.

कारखान्यात रंगाचे शास्त्र केवढे वाढले हे तर आपल्या गावाइतके कोणाला ठाऊक असणार? १९१४ ते १९२५पर्यंत हेन्री फोर्डची मोटार फक्त काळ्या रंगात मिळे. १९२४च्या सुमारास अमेरिकेत लवकर वाळणारा नवा रंग निघाला, ओकलंड कंपनीची निळी गाडी बाजारात आली, आणि रंग हे विक्रीचे हत्यार झाले. आज आपल्याकडच्या पेंट शॉपमध्ये गाडीचा सांगाडा आधी धुतात, मग विजेचा प्रवाह सोडलेल्या रंगाच्या हौदात बुडवतात, भट्टीत भाजतात, त्यावर अस्तर, त्यावर रंग, त्यावर पारदर्शक लेप देतात. छटेत केसाइतका फरक पडला तर यंत्र ओरडते. आमच्या ओळखीचा एक कामगार वीस वर्षे अशा खात्यात होता. दोन पांढऱ्यांतील फरक तो नुसत्या डोळ्याने सांगे. राहायला मात्र भाड्याच्या खोलीत. घरमालकाने एकच अट घातली होती, भिंतीला हात लावायचा नाही. लाखो रुपयांच्या गाडीचा रंग ज्याच्या नजरेवर पास होई, त्याला उशाशेजारची पोपडे आलेली भिंत रंगवण्याची मुभा नव्हती.

पुढे त्यांच्या कारखान्यात वेतनकरार झाला, मागील फरकाची रक्कम हाती आली, थोडे कर्ज काढून त्याने निगडीच्या बाजूला दोन खोल्यांचे घर घेतले. आम्ही घरभरणीला गेलो होतो. हा गडी महिनाभर पत्रके चाळीत बसला होता. गाड्यांना शोभणारी चकचकीत करडी छटा त्याने हेरून ठेवली होती. त्याची बायको म्हणाली, “अहो, दिवसभर तेच बघता, रात्रीही तेच बघणार का?” तिने चुन्यात चिमूटभर नीळ घातल्यावर जो रंग येतो तशी छटा मागितली. दुकानदाराला तो रंग पत्रकात सापडेना. शेवटी तिने त्याच्यासमोर वाटीत करून दाखवला. त्या खोलीत बसल्यावर आम्हाला वाटले की वेतनकराराच्या कलमांत महागाईभत्ता, बोनस, रजा सगळे लिहिलेले असते. पण त्यांची बेरीज कोठे होते म्हणाल, तर येथे. आपल्या निजेच्या खोलीला कोणता रंग द्यायचा यावर नवराबायकोला घटकाभर भांडता यावे, एवढ्यासाठी शंभर वर्षांची चळवळ खर्ची पडली आहे.

याला चोचले म्हणणारे आमच्या चळवळीतही आहेत. त्यांना आमचे सांगणे असे की श्रीमंताच्या शेजघराचा इतिहासही वाचा. १७७५ साली शेले नावाच्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने सोमलापासून एक हिरवा रंग शोधला. एकोणिसाव्या शतकात युरोपातील घरांत त्या आणि तशाच हिरव्या रंगाचे कागद भिंतींना चिकटवण्याची टूम निघाली. शोभा मोठी, पण त्या कागदांतून सोमल सुटे, आणि त्या खोल्यांत निजणारी माणसे, विशेषतः मुले, आजारी पडत. त्याहून वाईट गोष्ट शिशाची. तैलरंगातला पांढरा म्हणजे सफेदा, तो शिशापासून करीत. तो करणारे मजूर आणि लावणारे रंगारी पोटशूळ, हाताचा लुळेपणा, शेवटी वेड अशा वाटेने जात. म्हणून १९२१ साली जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने इमारतींच्या आतल्या रंगकामात शिशाचा सफेदा वापरू नये असा करार संमत केला, आणि अशा औद्योगिक रंगकामावर स्त्रिया व अठरा वर्षांखालील मुले लावू नयेत असे ठरवले.

आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाला बांध घालणारे नियम २०१६ साली निघाले आणि १ नोव्हेंबर २०१७पासून अमलात आले. रंगाच्या दहा लाख भागांत शिशाचे नव्वद भाग, याहून जास्त असता कामा नये. जिनिव्हाच्या करारापासून मोजले तर शहाण्णव वर्षे. मधल्या काळात आपल्या दारांना, खिडक्यांना, पाळण्यांना आणि पलंगांना लागलेल्या जुन्या तैलरंगांत, विशेषतः पिवळ्या, नारिंगी आणि तांबड्या रंगांत, शिसे असू शकते. तेव्हा जुना तैलरंग कोरडा घासून धूळ उडवू नये. पाणी लावून घासावा, लहान मुलांना व गरोदर बाईला त्या दिवशी दुसरीकडे ठेवावे, आणि मजूर अड्ड्यावरून आणलेल्या रंगाऱ्याच्या तोंडाला आपल्या पैशाने मुखपट्टी द्यावी. त्याला संघटना नाही, विमा नाही. आपली खोली सुंदर करताना त्याचे फुप्फुस खराब होत असेल, तर ती सुंदरता उसनी आहे.

आणि आता चाकण. १६६० साली शायिस्ताखानाच्या फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्याने जो संग्रामदुर्ग जवळजवळ दोन महिने लढवला, त्या किल्ल्याचे आणि कांद्याच्या बाजाराचे हे गाव. शतक पालटण्याच्या सुमारास येथे मोठे कारखाने येऊ लागले. २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला आणि मागोमाग कितीतरी. मराठवाडा, विदर्भ, बिहार, ओडिशा येथून पोरे आली. महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी येथे शेतांत खोल्यांच्या रांगा उठल्या. आम्ही त्या खोल्यांत जातो. वर पत्रा, आत पाच-सहा जण, भाडे खोलीचे नसून खाटेचे. याला ‘कॉट बेसिस’ म्हणतात. तिसऱ्या पाळीचा मुलगा सकाळी येतो तेव्हा पहिल्या पाळीचा नुकताच उठून गेलेला असतो. गिरणगावची पाळीने वापरायची चटई शंभर वर्षांनी पत्र्याखाली पुन्हा पसरली आहे. कंत्राटी कामगाराला कायम होण्याची आशा नाही, म्हणून भिंतीला खिळा ठोकण्याचीही इच्छा नाही. त्या भिंतींवर एकच सजावट आम्ही पाहिली: खडूने किंवा पेनाने मांडलेले हजेरीचे आणि हप्त्यांचे आकडे.

या मुलांना भरदुपारी, पत्रा तापलेला असताना झोपायचे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेने रातपाळीच्या कामाची गणना कर्करोगाच्या संभाव्य कारणांत २००७ साली केली आणि २०१९ साली ती कायम ठेवली. शरीराचे घड्याळ उजेडावर चालते. डोळ्याला उजेड लागला की झोपेचे रसायन आटते. म्हणून जाहिरातीत निळ्या भिंतीने शांत झोप लागते, गुलाबीने प्रेम वाढते असे सांगतात, त्याकडे रातपाळीच्या माणसाने फारसे लक्ष देऊ नये. त्याला रंगापेक्षा अंधार हवा. खिडकीला जाड, गडद कापडाचा दुहेरी पडदा, दाराच्या फटीला कापडाची गुंडाळी, पत्र्याच्या बाहेरच्या अंगाला चुन्याचे दोन हात म्हणजे ऊन परतून जाते, आणि आत फिका, डोळ्यात न खुपणारा, चमक नसलेला कोणताही रंग. भिंतीला ओल असेल तर आधी ओल काढावी. ओलीवर दिलेला सर्वांत महाग रंगही एका पावसाळ्यात पोपडे धरतो. ज्यांच्या घरात पाळीचा कामगार आहे त्यांनी ही खोली ठरवताना त्याच्या आवडीपूर्वी त्याच्या झोपेला विचारावे, आणि रंग ठरवताना घरातल्या बाईला. तिची नजर आपल्या पत्रकांपेक्षा जुनी आहे.

एवढ्याने घरधन्याचे काम भागेल; समाजाचे भागणार नाही. जो कायदा कारखान्याच्या भिंतीचा चुना चौदा महिन्यांनी मोजत होता, त्याची नजर फाटकाबाहेर खाटेच्या भाड्यापर्यंत गेली पाहिजे. पाळीच्या कामगाराला माणशी किती जागा, किती हवा, दिवसा किती अंधार, हे मागणीपत्रकात लिहिण्याची वेळ आली आहे. आमच्या संघटनेच्या तरुण कार्यकर्त्यांना आम्ही हेच सांगत असतो की वेतनाचा आकडा ठरवून थांबू नका. त्या वेतनात माणूस कोठे आणि कसा निजतो ते पाहून या. आपल्यापैकी पुष्कळांनी गावात चार खोल्या बांधून भाड्याने दिल्या आहेत. त्यात वावगे काही नाही. शेती गेली, तेव्हा हेच पीक उरले. परंतु या उन्हाळ्यात, पाऊस लागण्यापूर्वी, त्या खोल्यांच्या पत्र्याला चुना द्या, खिडकीला पडद्याची सळई बसवा, आणि आत राहणाऱ्या पोरांना एकदा विचारा, “बाबांनो, भिंतीला रंग कोणता देऊ?” हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारलेला नाही.